मराठी अद्भुतरम्य साहित्यातील धार्मिक आशय आणि पौराणिक प्रभाव

मराठी अद्भुतरम्य साहित्य म्हणजे ज्या कथा-कादंबऱ्यांत निसर्गनियमांच्या पलीकडील घटना, कल्पित नगरे, अमानवी पात्रे आणि दैवी वा आसुरी शक्ती कथानकाचा आधार असतात असे गद्य ललित लेखन. या लेखनाची बहुतेक सामग्री पुराणे, संतचरित्रे, नाथसंप्रदायाच्या कथा, व्रतकहाण्या आणि ग्रामदैवतांभोवतीच्या समजुती यांतून आलेली आहे. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीपासून नारायण धारप आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांपर्यंत हा प्रभाव सलग दिसतो. मात्र प्रत्येक पिढीने धर्मकथेतून चमत्कार घेताना त्यामागील श्रद्धेचे काय करायचे, याचे उत्तर वेगवेगळे दिले.

धर्मकथा आणि अद्भुतकथा

संस्कृत साहित्यशास्त्रात अद्भुत हा एक रस असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव मानला आहे. त्यामुळे विस्मयकारक घटना हा भारतीय कथेत अपवाद कधीच नव्हता. देव, यक्ष, गंधर्व, शाप आणि उःशाप ही जुन्या कथेची रोजची सामग्री होती. म्हणून केवळ चमत्कार आहे या कारणाने एखाद्या मराठी ग्रंथाला अद्भुतरम्य साहित्य म्हणता येत नाही. तसे म्हटल्यास 'भक्तविजय' आणि 'गुरुचरित्र' यांनाही कादंबरीच्या कपाटात ठेवावे लागेल, आणि ते त्यांच्या वाचकांना मान्य होणार नाही.

दोहोंतील भेद ओळखण्याची सोपी खूण फलश्रुती ही आहे. धर्मकथेच्या शेवटी, ती वाचली वा ऐकली असता काय लाभ होतो, हे सांगितलेले असते. मालू कवीच्या 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, इ. स. १८१९) या ओवीबद्ध ग्रंथाचा चाळिसावा अध्याय या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, कारण त्यात आधीच्या अध्यायांच्या पठणाचे फळ क्रमाने दिले आहे. कादंबरीकार वाचकाला असे कोणतेच आश्वासन देत नाही. तो चार घटका मन रमवील, फार तर काही बोध करील. चमत्कार तोच असला तरी ऐकणाऱ्याशी असलेले त्याचे नाते येथे बदलते.

श्रावणातील कहाण्या या दोहोंच्या सीमेवर उभ्या आहेत. त्यांतील आटपाट नगर कोणत्याही नकाशात नाही, तेथील राजाला बहुधा नाव नसते. 'खुलभर दुधाच्या कहाणी'त सगळ्या गावाच्या दुधाने न भरलेला महादेवाचा गाभारा एका म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो. रचनेच्या दृष्टीने ही पूर्ण अद्भुतकथा आहे, परंतु ती सोमवारच्या व्रताच्या दिवशी, हातात अक्षता घेऊन ऐकली जाते. अनेक मराठी घरांत मुलांची कल्पित जगाशी पहिली ओळख या कहाण्यांतूनच होत आली आहे.

पूर्वपरंपरा

गुणाढ्याची 'बृहत्कथा' ही भारतीय अद्भुतकथांची गंगोत्री मानली जाते. मूळ ग्रंथ उपलब्ध नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'तून तिचे स्वरूप कळते. त्या ग्रंथात आलेली बृहत्कथेची जन्मकथा महाराष्ट्राशी, विशेषतः गोदाकाठच्या प्रतिष्ठान (पैठण) नगरीशी निगडित आहे. शिवाने पार्वतीला एकांतात सांगितलेल्या कथा पुष्पदंत नावाच्या गणाने चोरून ऐकल्या. पार्वतीने त्याला आणि त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानाला मनुष्यजन्माचा शाप दिला. माल्यवान हाच गुणाढ्य म्हणून जन्मला आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला. राजाला संस्कृत शिकविण्याच्या पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या आणि पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ स्वतःच्या रक्ताने लिहिला. राजाने तो अव्हेरला. तेव्हा गुणाढ्य वनात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. चरणे विसरून प्राणी ऐकत राहिले. त्यांचे मांस वाळले, ते खाऊन राजा आजारी पडला, आणि शोध घेत तो येऊन पोहोचला तेव्हा एकच लक्ष श्लोक उरले होते.

या कथेत पुढील सर्व अद्भुत साहित्याचा प्रश्न जणू आधीच मांडला गेला आहे. कथा शिवमुखातून निघाली आहे, म्हणजे तिचे मूळ दैवी आहे. पण ती पृथ्वीवर येते ती चोरी, शाप आणि हलकी मानलेली भाषा या मार्गाने. राजदरबार तिला झिडकारतो आणि रानातील श्रोते तिच्यासाठी अन्न सोडतात. सोमदेवाच्या ग्रंथात समाविष्ट असलेल्या वेताळकथांचा नायक राजा त्रिविक्रमसेन हाही प्रतिष्ठानचाच आहे. मराठीत घरोघरी पोहोचलेल्या 'वेताळ पंचविशी'तला राजा विक्रम तो हाच.

मध्ययुगीन मराठीत अद्भुताचे वहन प्रामुख्याने संप्रदायांनी केले. श्रीधराचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' आणि 'शिवलीलामृत' हे ग्रंथ देवळांत आणि घरांत मोठ्याने वाचले जात. ताहराबादच्या महिपतीने 'भक्तविजय' (१७६२) मध्ये संतांच्या जीवनातील चमत्कार एकत्र गुंफले. वाघावर बसून हातात सर्पाचा चाबूक घेऊन येणारा चांगदेव आणि त्याला सामोरी जाणारी ज्ञानदेवांची भिंत हे मराठी मनातील सर्वांत ठसठशीत अद्भुतचित्र असावे. त्याचा अर्थही कथेतच आहे: सजीवावर सत्ता चालविणाऱ्या सिद्धीपेक्षा निर्जीवाला हलविणारी कृपा श्रेष्ठ. पराक्रमाचा हा उतरता क्रम, ज्यात बलाढ्य सिद्धाने शेवटी लहानग्या मुक्ताबाईला गुरू मानायचे असते, मराठी अद्भुतकथेत पुढेही वारंवार येतो.

नाथकथांचा वाटा याहूनही मोठा आहे. 'नवनाथ भक्तिसारा'त मच्छिंद्रनाथ मत्स्यीच्या उदरातून, जालिंदरनाथ यज्ञकुंडातून, कानिफनाथ हत्तीच्या कानातून, गोरक्षनाथ उकिरड्यात टाकलेल्या भस्मातून आणि गहिनीनाथ मुलांनी खेळताना केलेल्या मातीच्या पुतळ्यातून प्रकट होतात. मंत्र, अस्त्रे, स्त्रीराज्य, देवांशी झालेली युद्धे आणि शाबरी विद्या यांनी हा ग्रंथ गच्च भरलेला आहे. कल्पनेच्या धाडसात त्याच्या तोडीचे मराठी पुस्तक एकोणिसाव्या शतकात दुसरे सापडणे कठीण.

मुद्रणयुग आणि पहिल्या कादंबऱ्या

बंगालमधील श्रीरामपूर येथे १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तीशी' छापली गेली. म्हणजे मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या पुस्तकांतच अद्भुतकथा होती. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी १८६१ पासून 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास प्रारंभ केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांनी ते काम पुढे नेले. या गोष्टींमुळे मराठी वाचकाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर असे अद्भुत मिळाले की ज्यातील दैवते त्याची स्वतःची नव्हती. जिन आणि जादूचा दिवा यांच्यापुढे हात जोडण्याचा प्रश्न नव्हता. केवळ रंजनासाठी चमत्कार वाचण्याची सवय या ग्रंथाने लावली, असे म्हणण्यास जागा आहे.

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीने विधवांच्या दुःस्थितीचे वास्तव चित्रण केले होते. त्यानंतर चारच वर्षांनी आलेल्या 'मुक्तामाला'ने वेगळा रस्ता धरला. सद्गुणी नायिका, तिच्यावरील संकटांची मालिका, योगायोग आणि अखेरीस सज्जनांचा उत्कर्ष व दुर्जनांचे पारिपत्य हा तिचा साचा होता. हा साचा पुराणातील कर्मफलाच्या कल्पनेचाच लौकिक अवतार आहे. देव प्रत्यक्ष येत नाही, परंतु न्याय मात्र देवाच्या दरबारात व्हावा तसा अचूक होतो. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांना तीन प्रवाहांच्या मुखाशी ठेवले आहे.

नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीची प्रस्तावना कादंबरीइतकीच महत्त्वाची ठरली. विवाहाच्या रूढी आणि इतर कारणांमुळे हिंदू माणसाच्या आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे गुण वा दोष दिसत नाहीत, त्यामुळे लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, अशा आशयाचे विवेचन त्यांनी केले. धर्माने बांधून दिलेल्या जीवनक्रमाविरुद्धची ही तक्रार आहे, आणि ती अद्भुतकथेच्या समर्थनासाठी केली आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. तरुण-तरुणींच्या प्रीतीला प्रत्यक्ष समाजात जागा नव्हती. ती मिळावी म्हणून गंधर्वनगरीसारखी नगरे उभारावी लागली. अशा कादंबऱ्यांना पळपुट्या म्हणून हिणवणाऱ्या नंतरच्या समीक्षकांनी हा मुद्दा पुरेसा विचारात घेतलेला दिसत नाही.

हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' (१८९०) नंतर वास्तववादाला प्रतिष्ठा मिळाली. अद्भुतरम्य कादंबरी मात्र वाचनालयांतून वाचली जात राहिली. नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) यांची 'वीरधवल' ही या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय कृतींपैकी एक होय.

रंगभूमी आणि चित्रपट

विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' (सांगली, १८४३) या नाटकापासून मराठी रंगभूमीवर राक्षस आणि देव वावरू लागले. दक्षिण कोकणातील दशावतारी खेळांत वेद पळविणारा संकासुर याआधीपासूनच होता. दादासाहेब फाळके यांनी 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये छायाचित्रणाच्या युक्त्या वापरून पौराणिक अद्भुत पडद्यावर आणले. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) मधील वैकुंठगमन आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मधील चालणारी भिंत हे त्याचे पुढचे टप्पे. याच संस्थेच्या 'अमृतमंथन' (१९३४) ने उलट बाजू दाखविली. ना. ह. आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात कल्पित राज्यातील राजा देवीपुढील बळीची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याच्याविरुद्ध कट रचतो. येथे अद्भुतरम्य चौकट धर्मसुधारणेच्या बाजूने उभी आहे.

कोकण किनारा: दैवते आणि भुते

पुराणकथेनुसार कोकणाची भूमी परशुरामाने बाण मारून समुद्राला मागे हटवून मिळविली. चौल-रेवदंड्यापासून कोर्लई, काशीद, नांदगावमार्गे मुरूड-जंजिऱ्यापर्यंतचा रायगडचा किनारा या कल्पित भूगोलातच मोडतो. एका बाजूस फणसाडचे जंगल आणि दुसऱ्या बाजूस समुद्र असलेल्या या पट्ट्यात नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो. कोकणातील लोकसमजुतींत भुतांचीही जणू एक वर्णव्यवस्था आहे: मुंजा पिंपळावर, ब्रह्मसमंध जुन्या ठेव्याजवळ, गिऱ्हा पाण्यात, चकवा वाटेत, हडळ विहिरीपाशी. त्यांच्या वर गावाच्या शिवेची राखण करणारा देव आणि भुतांचा राजा वेताळ.

या समजुतींच्या नोंदी छापील रूपात टिकल्या त्याला एक वेगळीच पार्श्वभूमी आहे. ब्रिटिश अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून मुंबई इलाख्यातील लोककथा-लोकाचारांची माहिती गोळा केली, आणि ती पुरविणाऱ्यांत गावोगावचे शाळामास्तर मोठ्या संख्येने होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांचा वध केला. उरलेले काम आर. ई. एन्थोव्हेन यांनी पूर्ण केले आणि कोकणाविषयीचा भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील शिक्षकांनी कळविलेल्या नोंदीही आहेत. पुढे भयकथालेखकांनी वापरलेली बरीच पिशाचसृष्टी अशा नोंदींत आधीच शिस्तीने मांडलेली आढळते.

चमत्कार हा ऐकणाऱ्याच्या श्रद्धेवर कसा ठरतो, याचे एक जुने उदाहरणही याच किनाऱ्याचे आहे. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला आणि तेथून दख्खनेत गेला. आपल्या प्रवासवृत्तात त्याने वानरांना राजा असून त्याच्याजवळ सैन्य असते, असे लिहून ठेवले आहे. त्याने ऐकलेल्या या गोष्टीमागे रामकथेचा पडसाद असणे शक्य आहे. येथील श्रोत्याला जी कथा पुण्यकारक, ती परदेशी प्रवाशाच्या वहीत प्राण्यांविषयीची माहिती झाली.

नारायण धारप

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या तिन्ही प्रकारांत विपुल लेखन केले. एच. पी. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांचा त्यांच्यावरील प्रभाव उघड आहे. 'लुचाई' ही कादंबरी किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. परंतु धारपांच्या रूपांतरात एक मूलभूत बदल घडतो. लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाचा कैवार घेणारी शक्ती नाही. तेथील प्राचीन देवता मानवाविषयी उदासीन आहेत. धारपांच्या कथांत अशा शक्तींच्या विरोधात बहुधा कोणी तरी उभा राहतो: समर्थ, भगत, जयदेव, पंत, कृष्णचंद्र. 'समर्थ' या नावातच रामदासांचे आणि अक्कलकोटच्या स्वामींचे स्मरण आहे. संकटग्रस्त कुटुंब, हताश झालेला डॉक्टर आणि मग शांत, मितभाषी, उपासनेचे बळ असलेला साहाय्यक ही रचना 'गुरुचरित्रा'तील कथांच्या रचनेशी जुळते.

पाश्चात्त्य भयकथेत क्रॉस किंवा पवित्र पाणी यांना अर्थ असतो, कारण त्यांच्यामागे चर्च ही संस्था असते. किंगच्या कादंबरीत फादर कॅलहन या धर्मगुरूची श्रद्धा डळमळते तेव्हा त्याच्या हातातील क्रॉस निष्प्रभ होतो. मराठीत वस्तूच्या जागी वस्तू ठेवून हा प्रसंग उतरत नाही. येथील परंपरेत सामर्थ्य पुरोहिताच्या पदात नसून ज्याच्या-त्याच्या साधनेत आणि गुरुकृपेत असते. धारपांनी ते ओळखले, म्हणून त्यांच्या कथा परक्या वाटत नाहीत. दोष सांगायचा तर हा साहाय्यक इतका खात्रीचा असतो की काही कथांत भय टिकत नाही.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटावर धारपांच्या कथेचा प्रभाव असून त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आले आहे. त्यातील हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही. समृद्धीच्या देवीचा थोरला पुत्र, सोने आणि धान्य दोन्हींची हाव धरणारा, ज्याची पूजा कधीही होणार नाही असा शाप मिळालेला, अशी त्याची कथा रचलेली आहे. तरीही अनेक प्रेक्षकांना ती जुनी दंतकथा वाटली. पुराणाचे व्याकरण पाळले की नवे पुराणही खरे वाटते, हे त्यावरून दिसते.

जी. ए. कुलकर्णी

धारवाड येथे इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी 'काजळमाया' (१९७२), 'रमलखुणा' (१९७५) आणि 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहांत मराठी अद्भुतकथेला तिची सर्वांत गंभीर रूपे दिली. 'विदूषक', 'प्रवासी', 'इस्किलार' या कथांतील राज्ये आणि मंदिरे कोणत्याही एका धर्माची नाहीत. 'यात्रिक'मध्ये डॉन किहोटे येतो, तर 'ऑर्फियस'मध्ये ग्रीक मिथकाचा नायक. मृत्युलोकातून पत्नीला परत आणताना ऑर्फियसने मागे वळून पाहणे ही मूळ कथेतील चूक. जीएंच्या कथेत त्या पाहण्याचा अर्थच प्रश्न बनतो.

धार्मिक आशयाच्या दृष्टीने 'स्वामी' ही कथा विशेष उल्लेखनीय आहे. एका प्रवाशाला मठात नेऊन भूगर्भातील खोलीत कोंडले जाते आणि तोच मठाचा पूज्य स्वामी ठरतो. त्याला सर्व काही मिळते, फक्त बाहेर जाता येत नाही. तेथे त्याने वाढविलेली वेल झरोक्यातून प्रकाशाकडे जाते. देवत्व हे पूजकांनी लादलेले बंदिवासही असू शकते, ही कल्पना मराठीत इतक्या थंड आणि नेमक्या शब्दांत पूर्वी आली नव्हती. जीएंच्या सृष्टीत शाप, भविष्यकथन, यज्ञवेदी, देवदूत सारे आहे. नाही तो वर देणारा देव. फलश्रुती येथे पूर्णपणे पुसली गेली आहे.

जेम्स स्टीफन्स या आयरिश लेखकाच्या 'द क्रॉक ऑफ गोल्ड' या अद्भुतिकेचा 'सोन्याचे मडके' हा जीएंनी केलेला अनुवाद या संदर्भात वाचण्याजोगा आहे. त्यात ग्रीक देव पॅन आणि आयरिश देव अँगस ओग एकाच भूमीत येतात. मिथके परस्परांत मिसळून हाताळण्याची जीएंची आवड या निवडीतही दिसते.

पाश्चात्त्य अद्भुतिकेशी तुलना

'मुक्तामाला'च्या तीन वर्षे आधी, १८५८ मध्ये, स्कॉटलंडमधील माजी धर्मोपदेशक जॉर्ज मॅकडोनल्ड यांची 'फँटास्टीस' प्रसिद्ध झाली. तिच्यापासून प्रेरणा घेतलेल्या सी. एस. लुइस यांनी 'नार्निया' मालिकेत (१९५०–५६) सिंहरूपी अस्लानच्या द्वारे ख्रिस्ताच्या बलिदानाची कथा सांगितली. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९५३ मधील एका पत्रात आपली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मूलतः धार्मिक आणि कॅथलिक कृती असल्याचे म्हटले, जरी तिच्यात चर्च वा उपासना जवळजवळ नाहीच. त्यांनी नॉर्स आणि फिनिश पुराणकथांचा मुक्त वापर केला. त्या देवतांची उपासना त्यांच्या समाजात शतकांपूर्वी थांबली होती, म्हणून हे शक्य झाले. मराठी लेखकाची अडचण येथे कळते. त्याने घेतलेला देव शेजारच्या देवळात असतो, त्याचा उत्सव पुढच्या महिन्यात असतो आणि वाचक त्या उत्सवाला जाणारा असतो. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) किंवा इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) यांनी पुराणातील माणसांना हात घातला, पण देवांना मुक्तपणे पात्र करून घेणारी मोठी मराठी अद्भुतिका विरळाच राहिली, त्यामागे हेही एक कारण असावे.

अंधश्रद्धेचा प्रश्न

अद्भुतकथा आणि भयकथा भूतबाधा, करणी, मांत्रिक यांविषयीच्या समजुतींना बळ देतात, असा आक्षेप विवेकवादी चळवळीतून घेतला गेला आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा तसेच जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करणे, भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे अशी कृत्ये त्याने गुन्हा ठरविली. त्याच कायद्याच्या अपवादकलमात मात्र हरिकीर्तन, प्रवचन, तसेच दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी सांगणे आणि त्यांविषयीच्या साहित्याचा प्रसार करणे यांना, शारीरिक इजा वा आर्थिक हानी होत नसेल तर, स्पष्टपणे वगळले आहे. चमत्कार सांगणे आणि चमत्कार करतो असा दावा करून कोणाला नाडणे यांत मराठी समाजाच्या कायद्याने आखलेली रेषा ती हीच.